वीस वेळा लिहिलेला शब्द पंधरा दिवसांत कुठे जातो?

प्रश्न: माझी मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीला आहे. दर सोमवारी शाळेतून पंधरा इंग्रजी शब्द मिळतात आणि शुक्रवारी श्रुतलेखन असतं. प्रत्येक शब्द वीस वेळा लिहून शुक्रवारी वही दाखवायची असते. श्रुतलेखनात तिला पंधरापैकी तेरा-चौदा मिळतात, पण घटक चाचणीत तेच शब्द आले की निम्मेही आठवत नाहीत. दुसरीकडे मराठीतही ती अडखळायला लागली आहे. परवा उलथणं मागायचं होतं, तर "ते पोळी उलटायचं दे" म्हणाली. सेहेचाळीस म्हटलं की विचारते, "म्हणजे फॉर्टी सिक्स ना?" सासूबाई म्हणतात, दोन भाषांनी पोरीच्या डोक्यात काला झालाय. शिकवणीच्या बाई सांगतात, घरी इंग्रजीच बोला. आम्हा दोघांचं इंग्रजी बेताचं आहे. काय करावं? (एक आई, बार्शी)

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो: घरातलं मराठी बंद करू नका. शिकवणीच्या बाईंचा हेतू चांगला असेल, पण बेताच्या इंग्रजीत बोललेल्या चार ठरावीक वाक्यांनी मुलीचं इंग्रजी वाढणार नाही, आणि मराठी मात्र नक्की मागे पडेल.

तुमच्या दोन तक्रारी आहेत. इंग्रजी शब्द टिकत नाहीत, आणि मराठी शब्द वेळेवर तोंडात येत नाहीत. दोन्हींचं मूळ एकच आहे. शब्द मनातून बाहेर काढायची वेळ किती वेळा आली आणि त्या वेळांमध्ये किती अंतर होतं, यावर तो हाताशी राहतो की नाही हे ठरतं. वीस वेळा उतरवताना शब्द मनातून काढावाच लागत नाही, कारण तो डोळ्यांसमोरच असतो. आणि "उलथणं" हा शब्द स्वतः म्हणायची वेळ तिच्यावर महिन्यातून एखादवेळी येत असेल.

तिच्या वहीचं एखादं पान उघडून बघा. पहिली ओळ पुस्तकातून उतरवलेली असते, दुसरी पहिलीवरून, आणि पाचव्या ओळीपासून नजर फक्त वरच्या ओळीवर असते. बरीच मुलं तर उभ्या रकान्यात आधी वीस वेळा पहिलं अक्षर, मग वीस वेळा दुसरं, असं पान भरतात. त्यात शब्द वाचलाही जात नाही, अर्थ तर लांबच. शिवाय दुसऱ्या ओळीत एक अक्षर चुकलं, तर पुढच्या अठरा ओळी तीच चूक घोटली जाते. हे मुलीच्या आळसामुळे होत नाही. कामच असं आहे की ते डोकं न वापरता पुरं होतं.

एकाच बैठकीतली घोकंपट्टी किती महाग पडते, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ साली आकड्यांत मांडलं. त्यानं स्वतःवरच प्रयोग केले. बारा निरर्थक अक्षरगटांची यादी एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करताना जेवढे कष्ट वाचले, जवळपास तेवढेच ३८ वेळा म्हणून वाचले, मात्र ते ३८ तीन दिवसांत वाटलेले होते. म्हणजे अंतर ठेवल्यानं जवळजवळ निम्मी मेहनत वाचली.

दुसरा प्रयोग तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. २००८ मध्ये अमेरिकेत जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. शब्द एकदा बरोबर आला की काहींना तो पुन्हा वाचायला मिळायचा, पण विचारला जायचा नाही. काहींना वाचायला मिळायचा नाही, पण विचारला जायचा. आठवड्यानं परीक्षा घेतली. ज्यांना पुन्हा पुन्हा विचारलं होतं त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, आणि ज्यांनी नुसतं वाचलं होतं त्यांना सुमारे ३६ टक्के. शिकून झाल्यावर "आठवड्यानं तुम्हाला किती येतील?" असं विचारलं होतं, तेव्हा सगळ्या गटांचा अंदाज निम्म्याच्या आसपास होता. स्वतःला किती येतंय हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही. म्हणून लेक "येतंय गं मला" म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते, आणि तरीही तुम्ही विचारून बघायला हवं.

शाळेचा वीस वेळांचा नियम मोडायची गरज नाही, फक्त ते वीस वाटून घ्या. सोमवार ते गुरुवार रोज पाच. तेही एक शब्द सलग पाच वेळा न लिहिता पंधरा शब्दांची पूर्ण फेरी लिहायची, अशा पाच फेऱ्या. त्यामुळे एकाच शब्दाच्या दोन वेळांमध्ये चौदा दुसरे शब्द येतात आणि तो पुन्हा आठवावा लागतो. प्रत्येक शब्दाला चार कृती: पाहा, पट्टीनं झाका, लिहा, पट्टी काढून ताडून बघा. चुकलं तर खोडरबर न वापरता आडवी रेघ मारून शेजारी बरोबर शब्द लिहायचा, म्हणजे कोणते शब्द अवघड जातायत हे तुम्हालाही दिसेल. पहिल्या आठवड्यात वेळ जास्त लागेल आणि चुकाही वाढतील. त्याला घाबरू नका. झाकून लिहिताना होणारी अडचण हाच शिकण्याचा भाग आहे.

एवढ्यानं शुक्रवार निभेल. घटक चाचणीपर्यंत टिकवायला शुक्रवारनंतरच्या उजळण्या लागतात, आणि नेमक्या त्याच आज होत नाहीत. चौदा मिळाले की यादी संपली असं सगळेच धरून चालतात.

किती दिवसांनी उजळणी करायची याचाही अंदाज आहे. २००८ मध्येच निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त लोकांवर वेगवेगळी अंतरं तपासली. परीक्षा आठवड्यावर असेल तर शिकणं आणि उजळणी यांत साधारण एक दिवसाचं अंतर सगळ्यात चांगलं ठरलं. परीक्षा ३५ दिवसांवर असेल तर सुमारे ११ दिवस, ७० दिवसांवर असेल तर सुमारे २१. परीक्षा जितकी लांब तितकं अंतर मोठं. जूनमध्ये शिकलेला शब्द दिवाळीआधीच्या सत्र परीक्षेपर्यंत टिकवायचा असेल, तर दोन-तीन आठवडे हात न लावता मग विचारणं हे दुर्लक्ष ठरत नाही.

रोज हिशोब ठेवायला नको म्हणून चार पाकिटांची पद्धत वापरा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७० च्या दशकात अशी पद्धत लोकप्रिय केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून पत्त्याएवढ्या चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एकच शब्द. पुढे मराठी अर्थ आणि गाळलेल्या जागेचं एक छोटं इंग्रजी वाक्य, मागे इंग्रजी शब्द आणि देवनागरीत उच्चार. चिठ्ठ्या मुलीनंच लिहायच्या. पहिल्या पाकिटावर "रोज", दुसऱ्यावर "बुधवार-शनिवार", तिसऱ्यावर "दुसरा आणि चौथा रविवार", चौथ्यावर "महिन्याची पहिली तारीख" असं लिहा. नवी चिठ्ठी पहिल्या पाकिटात जाते. बरोबर आली की पुढच्या पाकिटात, चुकली की कुठूनही परत पहिल्यात. दिवसाला पाचच नव्या चिठ्ठ्या, आणि एका बैठकीत पंचवीसपेक्षा जास्त घेऊ नका. दहा-बारा मिनिटं पुरतात. रात्रीची भांडी होईपर्यंत तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून विचारू शकता. इंग्रजी येणं गरजेचं नाही, कारण उच्चार देवनागरीत आहे.

ही पद्धत बिघडते ती ठरावीक ठिकाणी. मुलगी आठवण्याआधीच चिठ्ठी उलटते, मग ते पुन्हा नुसतं वाचणं होतं. उत्तर मोठ्यानं म्हटल्याशिवाय किंवा लिहिल्याशिवाय उलटायची नाही, हा नियम पक्का ठेवा. चिठ्ठ्या त्याच क्रमानं घेतल्या की क्रमच उत्तर सांगतो, म्हणून दर वेळी पिसा. चुकलेली चिठ्ठी लगेच पुन्हा विचारली तर ती कानातल्या आवाजावरून सांगेल. बरोबर उत्तर दाखवा, तिच्याकडून म्हणवून घ्या, आणि चिठ्ठी चार-पाच चिठ्ठ्यांच्या खाली सरकवा. दोन दिवस चुकले तर साठलेलं सगळं एका रात्रीत उरकू नका, रोजच्याएवढंच करा. आणि "पॅरलल" व "पर्पेंडिक्युलर" यांसारखे एकाच कुळातले शब्द एकाच दिवशी नवे घेऊ नका, ते एकमेकांत अडकतात. एक पक्का झाल्यावर दुसरा घ्या.

आणखी एक फसवी जागा आहे, आणि ती दोन भाषांशी जोडलेली आहे. शब्द समोर दिसल्यावर "हो, हा आला होता" म्हणणं आणि तो स्वतःहून आठवणं ही वेगवेगळी कामं आहेत. स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांवर वेंडी फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये छापलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की यादीत पाहिलेले शब्द ओळखायचे असतील तर कमी सवयीच्या भाषेतले शब्द उलट जास्त चांगले ओळखले जातात. विरळ शब्द डोळ्यांत भरतो. म्हणून जोड्या लावा किंवा योग्य पर्याय निवडा यात लेकीला इंग्रजीत छान गुण मिळतील, आणि रिकाम्या ओळीवर तोच शब्द येणार नाही. घरी विचारताना पर्याय देऊ नका.

आता सासूबाईंच्या काल्याकडे येऊ. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे, फक्त कारण वेगळं आहे. दोन भाषा बोलणाऱ्या माणसांना शब्द जिभेवर येऊन अडण्याचा अनुभव एकभाषकांपेक्षा जास्त वेळा येतो, हे टॅमर गोलान यांच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. पण हाच त्रास माणसांच्या नावांबाबत मात्र दिसत नाही. कारण सचिन मराठीतही सचिन आणि इंग्रजीतही सचिनच. त्या नावाच्या वाट्याचा सगळा वापर एकाच शब्दाला मिळतो. उलथण्याच्या बाबतीत मात्र वापर वाटला जातो. दिवसभरात माणूस जेवढं बोलतो तेवढंच बोलतो, मग दोन भाषांतल्या प्रत्येक शब्दाला वापर कमी मिळतो. "पाणी", "चल", "आई" यांना तरीही भरपूर मिळतो, म्हणून ते कधी अडत नाहीत. अडतात ते विरळ शब्द. चित्र दाखवून नाव सांगायच्या प्रयोगांत दोन भाषावाले पहिल्या वेळी हळू असतात, पण तीच चित्रं पुन्हा पुन्हा दाखवली की फरक कमी होत जातो. भाषांचा गुंता झाला असता तर थोड्याशा वापरानं तो असा सुटला नसता.

मुलांच्या शब्दसंपत्तीबद्दलही असंच. कॅनडात एलेन बायलिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी ३ ते १० वर्षांच्या १,७३८ मुलांचे इंग्रजी शब्द मोजले (२०१०). घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांचे इंग्रजी शब्द सरासरीनं कमी भरले. पण सहा वर्षांच्या मुलांचे शब्द वेगळे काढून पाहिल्यावर दिसलं, की तूट घरातल्या, स्वयंपाकघरातल्या शब्दांची होती. शाळेतले शब्द जवळपास बरोबरीचे होते. ती मुलं घरातल्या वस्तूंना घरच्याच भाषेत ओळखत होती, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा लेकीचे शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा.

उलट दोन भाषा उजळणीच्या कामी येतात, आणि सेमी इंग्रजीत हा फायदा रोज हाताशी असतो. १९७१ मध्ये मरे ग्लान्झर आणि दुआर्ते यांनी दाखवलं, की स्पॅनिश आणि इंग्रजी जाणणाऱ्या माणसाला एकच शब्द लागोपाठ दोनदा त्याच भाषेत दाखवण्यापेक्षा एकदा या आणि एकदा त्या भाषेत दाखवला तर तो जास्त आठवतो. लागोपाठ तोच आवाज आला की मन दुसऱ्या वेळी लक्षच देत नाही. भाषा बदलली की अर्थापर्यंत पुन्हा जावं लागतं. दोन वेळांत मोठं अंतर असेल तर मात्र हा फरक उरत नाही. म्हणून जिथे एका बैठकीत दोनदा म्हणायचंच आहे, तिथे भाषा बदला.

विज्ञान-गणिताच्या चिठ्ठ्यांवर त्यामुळे दोन्ही नावं असू द्या, आणि प्रश्न वस्तूचा विचारा. "दोरीवरचे ओले कपडे वाळतात, त्या क्रियेला काय म्हणतात?" उत्तर: इव्हॅपरेशन, बाष्पीभवन. "अपूर्णांकात रेघेखाली काय असतं?" डिनॉमिनेटर, छेद. रेडियस म्हणजे त्रिज्या, डायमीटर म्हणजे व्यास. "बाष्प" म्हणजे वाफ हे ओळखलं की बाष्पीभवनाचा अर्थ मराठी मुलाला शब्दातच सापडतो, इंग्रजी शब्दाला तो आधार मिळतो. घरात मराठी हवं, याचं हे सगळ्यात व्यवहारी कारण आहे. हिंदीच्या तासाला मात्र सारखे दिसणारे शब्द जपून. हिंदीत "शिक्षा" म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडे दंड, हिंदीत "चेष्टा" म्हणजे प्रयत्न आणि आपल्याकडे थट्टा. अशा शब्दांच्या चिठ्ठीवर दोन्ही अर्थ वाक्यासह लिहा.

सेहेचाळीसचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आकडे आणि पाढे ज्या भाषेत पक्के होतात त्याच भाषेत लवकर आठवतात. रशियन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांवर एलिझाबेथ स्पेल्की आणि सॅना त्सिव्हकिन यांनी २००१ मध्ये छापलेल्या प्रयोगांत, नेमक्या आकड्यांची उत्तरं शिकवलेल्या भाषेत पटकन आली आणि दुसऱ्या भाषेत उशिरा. अंदाजाच्या उत्तरांना भाषेनं फरक पडला नाही. तेव्हा लेकीचे पाढे मराठीत पाठ असतील तर ते बदलू नका. तिला नऊ चोक छत्तीस असं मनात म्हणू द्या, आणि वहीत अंक लिहू द्या. अंकाला भाषा नसते. मात्र पाढा "नऊ एके नऊ"पासून सुरू केल्याशिवाय नऊ साती येत नसेल, तर तो ओवीसारखा पाठ झालाय, सुटा आठवत नाही. रोज दहा सुटे प्रश्न, मधूनच, कुठल्याही पाढ्यातले. मराठी आकड्यांत एकक आधी येतो आणि इंग्रजीत दशक, शिवाय एकोणतीस ऐकल्यावर "तीस" कानात राहून मुलं ३९ लिहितात. किराणा दुकानाची पावती घ्या, त्यातले पाच आकडे तिला मराठीत वाचायला लावा आणि पाच तुम्ही मराठीत सांगून तिला अंकांत लिहायला लावा. एकोणवाले आठ आकडे, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत, चिठ्ठ्यांवर घ्या. नव्व्याण्णव त्यात बसत नाही, हेही तिला सांगा.

शब्द अडला की काय करायचं, हे मात्र लगेच बदला. "आठव, आठव, येतोय तुला" असं म्हणून ताणू नका. कॅनडात एमी वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांनी २००८ मध्ये अडलेल्या माणसांना काहींना १० सेकंद आणि काहींना ३० सेकंद तसंच राहू दिलं, आणि मग शब्द सांगितला. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा जे जास्त वेळ अडून राहिले होते, ते त्याच शब्दाला पुन्हा जास्त वेळा अडले. अडण्याचीही सवय लागते. दहापर्यंत मनात मोजा, मग पहिलं अक्षर द्या: "उ..." तेवढ्यावर आला तर उत्तम, कारण तो तिनं स्वतः काढला. नाही आला तर पूर्ण सांगा, आणि तिच्याकडून वाक्यात म्हणवून घ्या: "आई, उलथणं दे." संध्याकाळी त्याच वस्तूची पुन्हा गरज काढा. इंग्रजी शब्द मध्ये आला म्हणून रागवू नका. मराठी शब्द तुम्ही उत्तरात वापरा आणि पुढे चला. रागावलं की मूल तो शब्द टाळायला शिकतं, आणि टाळलेल्या शब्दाला वापर मिळत नाही.

एक खबरदारी. अडचण एकाच भाषेत किंवा ठरावीक विरळ शब्दांत असेल तर ती वापराची आहे. पण दोन्ही भाषांत रोजचे साधे शब्दही सापडत नसतील, वाचन वर्गाच्या खूप मागे असेल, सूचना पुन्हा पुन्हा सांगाव्या लागत असतील, तर आधी कान आणि डोळे तपासा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तपासणीत मुलीला दोन्ही भाषांत विचारलं जाईल असं बघा. तुमच्या पत्रावरून तसं काही वाटत नाही.

महिनाभरानं मोजून बघा. आज तिच्या जुन्या यादीतले, चिठ्ठ्यांमध्ये नसलेले पंधरा शब्द विचारून बरोबर किती आले ते कॅलेंडरवर लिहा. चार आठवड्यांनी चिठ्ठ्यांतल्या पहिल्या आठवड्याचे पंधरा, न सांगता, विचारा. दोन आकडे शेजारी ठेवले की शिकवणीच्या बाईंशीही बोलता येईल.

आणि सासूबाईंना या कामात घ्या. पाचवं पाकीट त्यांचं: सूप, परडी, वेळणी, जातं, उखळ, कोनाडा, उंबरठा, फडताळ. असे शब्द तुमच्यापेक्षा त्यांच्या तोंडी जास्त वेळा येतात, आणि लेकीला ते मिळायचं दुसरं ठिकाण आता फारसं उरलेलं नाही. आठवड्याला तीन शब्द पुरे. आजीनं वस्तू दाखवायची किंवा तिचं काम सांगायचं, नाव नातीनं सांगायचं. मग नातीनं आजीला त्यातल्या एकाचं इंग्रजी नाव शिकवायचं, आणि बुधवारी आजीची परीक्षा घ्यायची. उंबरठ्यापासून सुरुवात करा. इंग्रजीत थ्रेशोल्ड, आणि त्याचं स्पेलिंग लेकीला चार दिवस तरी पुरेल.